नांदूरमध्यमेश्वरला निघायच्या आधी

थंडीत नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या पक्षी अभयारण्यात, पक्षी बघायला जायचंय ना, मग सगळ्यात आधी वार ठरवा आणि शक्यतो रविवार टाळा, कारण रविवारी चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभं राहायला जागा नसते आणि आवाज पार पाण्यापर्यंत जातो. नाशिकहून पहाटे साडेपाचला तरी निघाच, म्हणजे उजाडताना पोचाल. स्वेटर, कानटोपी हवीच, निफाडचा पारा दरवर्षी बातम्यांत येतो तो काय उगाच येत नाही, फक्त लाल-पांढरं भडक काही घालू नका, मातकट नाहीतर हिरवट रंगाचं घाला.

दुर्बीण मात्र विसरायची नाही, ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असली तरी मस्त चालते. आपण जवळ जायचं की नाही हे खरं तर तिच्यावरच ठरतं, दुर्बीण नसली की माणूस मोबाईल घेऊन काठाकाठाने पुढे सरकत राहतो आणि मग थवाच्या थवा उडतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक ही बदकं मंडळी हिमालय ओलांडून इथे खायला आणि आराम करायला येतात, मार्च-एप्रिलपर्यंत परतीच्या प्रवासाची चरबी अंगावर चढवायची असते, आणि आपण एका फोटोसाठी त्यांना दिवसातून दहादा उडवलं तर ती शिदोरी इथेच संपते हो. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या, चांदवे (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) चरायचं सोडून पाण्याकडे पळायला लागले की समजायचं आपण फार जवळ आलोय, तिथेच थांबा, हळूच मागे या. पक्ष्यांचे कॉल मोबाईलवर वाजवायचे नाहीत, ड्रोन तर आणायचाच नाही.

गाईडचे पैसे बाजूला काढून ठेवा, घासाघीस करू नका. गावातलीच मुलं आहेत, कुठल्या बेटावर काय बसलंय हे त्यांना बरोबर माहीत असतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की पक्ष्यांमुळे गावात चार पैसे आले तरच गाव पक्ष्यांसाठी उभं राहील. २०२० च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर ठिकाण (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, त्याचा अभिमान आहेच, पण रोज तिथे राहतात ती ही माणसं. कांद्याच्या, उसाच्या शेतातून शॉर्टकट मारू नका.

डबा, पाण्याची बाटली आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घ्या, शेव-फरसाण पक्ष्यांना टाकू नका. पावसाळ्यात गेलात आणि कमळपक्ष्याचं किंवा जांभळ्या पाणकोंबडीचं घरटं दिसलं तर फोटोसोबत जागा कुठेच टाकायची नाही.

आणि आदल्या दिवशी गाईडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा. गोदावरी-कादवेचा गाळ साठून साठून इथे बेटं आणि उथळ पाणी तयार झालंय, पण शेवटी बंधारा आहे, आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं, की पाणी हलतं, मग पक्षीही जागा बदलतात आणि कधी चापडगावऐवजी खाणगावथडीच्या बाजूने जास्त दिसतात.