चॅटम काउंटीत यूएसडीएच्या कर्जावर घर घेताय? या चुका टाळा

नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी आणि एपेक्स या शहरांमधल्या घरांच्या किमती पाहून बरेच जण पश्चिमेला, चॅटम काउंटीकडे वळतात. तिथे घर बघतोय म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, "यूएसडीएचं लोन घे ना, डाउन पेमेंट शून्य!" सल्ला खोटा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची ही योजना आहे, पण शेतकरी असण्याची अट नाही. कर्ज बँक देते, सरकार बँकेला ९० टक्के हमी देतं, व्याजदर तीस वर्षं स्थिर राहतो. गोची होते ती पत्ता, घराचं एकूण उत्पन्न आणि इमिग्रेशन स्टेटस या तीन ठिकाणी. तिन्ही गोष्टी घर बघायला निघण्याआधीच तपासता येतात, आणि तिथेच लोक आळस करतात.

ऑफर आधी, नकाशा नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नॉर्थ कॅरोलायनात ऑफर मान्य झाली की ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे घर तपासून निर्णय घ्यायच्या मुदतीसाठीचे पैसे, थेट विकणाऱ्याच्या हातात जाते. व्यवहार पार पडला तर ती किमतीत वळती होते. आपण माघार घेतली तर गेली, मग कर्ज नाकारलं गेलं हे कारण कितीही खरं असो. चांगल्या घरावर चारजण टपून बसलेले असतील, तर हा आकडा सहज काही हजारांत जातो. घर यूएसडीएच्या हद्दीबाहेर आहे हे त्यानंतर कळून काय उपयोग?

आणि ही हद्द काउंटीप्रमाणे आखलेली नसते. केरी शहर वेक काउंटी ओलांडून चॅटममध्ये शिरलंय. तिथलं घर कागदोपत्री चॅटमचं असलं तरी एवढ्या मोठ्या शहरातलं घर ग्रामीण धरलं जात नाही. उलट फसगतही होते. चॅटमच्या उत्तर भागातल्या कितीतरी घरांच्या पोस्टाच्या पत्त्यात 'चॅपेल हिल' असतं, पण ती त्या शहराच्या हद्दीत नसतात. त्यामुळे शहराचं नाव, झिप कोड किंवा एजंटचं "इथे सगळ्यांना मिळतं हो" यावर विसंबू नका. यूएसडीएच्या संकेतस्थळावरच्या पात्रता नकाशात घर नंबरासकट पत्ता टाका आणि टाचणी नेमकी त्याच प्लॉटवर पडली आहे का, ते झूम करून बघा. नव्या वसाहतीत ती कधीकधी भलत्याच रस्त्यावर जाऊन बसते. सिलर सिटीकडे ही कटकट फारशी नाही. पूर्वेला, जॉर्डन लेकच्या अलीकडे-पलीकडे, प्रत्येक पत्ता वेगळा तपासावा लागतो.

"लोन माझ्या एकट्याच्या नावावर आहे, मग बायकोचा पगार कशाला?"

कारण मर्यादा कर्जदाराच्या नाही, घराच्या उत्पन्नाला आहे. त्या छपराखाली राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची कमाई मोजली जाते, त्याची कर्जावर सही असो वा नसो. २०२५ च्या तक्त्यात देशातल्या बहुतेक काउंटींना १ ते ४ माणसांसाठी १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांसाठी १,५८,२५० डॉलर अशी मर्यादा आहे. महाग भागांत ती जास्त असते, म्हणून आपल्या काउंटीचा आकडा तक्त्यातच बघा.

समजा नवऱ्याचा पगार १,०२,००० आणि बायकोच्या अर्धवेळ नोकरीचे २४,००० डॉलर. बेरीज १,२६,०००, म्हणजे १ ते ४ माणसांच्या मर्यादेबाहेर. इथेच बरेच जण नाद सोडतात, आणि घाई करतात. अठराच्या आतल्या मुलामागे ४८० डॉलर वजा होतात. दोघांनाही कामावर जाता यावं म्हणून बारा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी भरलेली डेकेअरची फीही वजा होते. मूल एकच आणि ही फी वर्षाला ९,६०० असेल, तर उरतात १,१५,९२०. हे कुटुंब बसलं! अट एकच, डेकेअरच्या पावत्या हव्यात. रोखीने शेजारच्या काकूंना दिलेले पैसे सिद्ध करणं अवघड जातं.

आई-वडील ग्रीन कार्डावर कायमचे राहायला आले असतील तर माणसं पाच होतात आणि मर्यादा वरची लागते. मात्र त्यांचं भारतातलं पेन्शनही उत्पन्नात येतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याजही धरलं जातं. ते "इकडे कुणाला कळतंय" म्हणून गाळू नका. बँक टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (टॅक्स रिटर्नची सरकारी नोंद) मागवते आणि कर्जाच्या अर्जात खोटी माहिती देणं हा इथे गुन्हा आहे.

खात्यात शिल्लक फार असली तरी अडचण येऊ शकते. वीस टक्के डाउन पेमेंट भरून साधं कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) कर्ज मिळण्यासारखं असेल तर यूएसडीए तुम्हाला तिकडेच जायला सांगतं.

व्हिसाचं शेवटी बघू

नका ठेवू शेवटी. ही योजना नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या पात्र रहिवाशांसाठी आहे. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला ती मिळत नाही, पगार आणि क्रेडिट स्कोअर कितीही चांगले असोत. एफएचए या सरकारी विम्याच्या गृहकर्जाचा दरवाजाही मे २०२५ पासून अशा व्हिसाधारकांना बंद झाला आहे, त्यामुळे त्यांनी कन्व्हेन्शनल कर्जाचीच चौकशी करावी. बायको ग्रीन कार्डावर आणि नवरा एच-१बी वर असेल तर ती एकटी अर्ज करू शकते. पण त्यात खोच आहे. नवऱ्याचा पगार मर्यादा ठरवताना मोजला जातो, हप्ता भरायची ऐपत ठरवताना मात्र धरला जात नाही.

शून्य म्हणजे फुकट नव्हे

तीन लाख डॉलरच्या कर्जावर एक टक्का हमी शुल्क, म्हणजे ३,०००. ते कर्जातच जोडता येतं. शिवाय शिल्लक कर्जावर दरसाल ०.३५ टक्के, म्हणजे सुरुवातीला महिन्याला अठ्ठ्याऐंशी डॉलरच्या आसपास. कन्व्हेन्शनल कर्जावरचा मॉर्टगेज इन्शुरन्स पुढे बंद करता येतो, हे शुल्क मात्र कर्ज फिटेपर्यंत चालू राहतं. इन्स्पेक्शन, अप्रेझल (घराचं मूल्यांकन) आणि वर सांगितलेली ड्यू डिलिजन्स फी खिशातूनच द्यावी लागते. चॅटममध्ये गावाबाहेर विहिरीचं पाणी आणि सेप्टिक टँक असलेली घरं बरीच आहेत. अशा घराची पाण्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

याच खात्याची 'डायरेक्ट' नावाची दुसरी योजना कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आहे. तिचं कर्ज खातं स्वतः देतं, आणि हप्त्यात मिळालेली सवलत घर विकताना परत मागितली जाऊ शकते. फोन करताना कुठली योजना हवी ते नीट सांगा, नाहीतर दुसऱ्याच रांगेत उभे राहाल.

क्लोजिंगची, म्हणजे घर नावावर होण्याची तारीख ठरवतानाही थोडी ढील ठेवा. बँकेने मंजुरी दिल्यावर फाइल पुन्हा यूएसडीएकडे जाते आणि त्यांचं कमिटमेंट (हमी देण्याचं पत्र) आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी शटडाउन सुरू झालं तेव्हा नवी कमिटमेंट निघणं थांबलं, आणि ते शटडाउन ४३ दिवस चाललं. अशा वेळी विकणारा मुदत वाढवून देईलच असं नाही, म्हणून मुदतवाढीचं कलम ऑफरमध्येच लिहून घ्यायला वकिलाला सांगा.