बिनसाखरेची व्होडका: ग्लासात काय ओतायचं आणि काय नाही

दोन वर्षांपूर्वी माझी शुगर बॉर्डरवर आली. डॉक्टरांनी आधी दारूच सोडा म्हणून बघितलं, मग निदान बिअर आणि गोड तरी बंद करा म्हणाले, आणि मी मोठ्या शहाणपणाने व्होडका-टॉनिकवर आलो. टॉनिक कडू, कडू म्हणजे साखर कुठली, कारल्याचंच भावंड ते, असा माझा हिशोब. पाच-सहा महिने शनिवारी दोन-दोन कॅन चालू होते. मग एकदा बायकोने चष्मा लावून कॅनच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं आणि मी गप्प बसलो. साध्या टॉनिकमधे १०० मिलीला ८ ग्रॅमच्या आसपास साखर असते, कॅन ३०० मिलीचा, म्हणजे २४ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे! आणि चहात मी अर्धा चमचा घालत होतो, तोही मोजून.

टॉनिक कडू लागतं ते क्विनाइनमुळे, तेच मलेरियावरचं. ते घशाखाली उतरावं म्हणून त्यात साखर असते, आणि कडू-गोड एकमेकांना असे झाकतात की जिभेला पत्ताच लागत नाही. म्हणून मिक्सर निवडताना जिभेचं ऐकू नका, लेबल वाचा.

आता व्होडकाचं. साध्या, बिनफ्लेवरच्या व्होडकात कार्ब शून्य, कारण डिस्टिल करताना साखर-स्टार्च सगळं मागे राहतं. पण कार्ब शून्य म्हणजे कॅलरी शून्य नाही हं. आपल्याकडची ४२.८ टक्केवाली व्होडका ६० मिली घेतली तर १४० च्या आसपास कॅलरी होतात, सगळ्या अल्कोहोलच्या. वजन कमी होत नाही म्हणून सोड्याला शिव्या देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. फ्लेवरवाल्या व्होडकापासून मी लांबच असतो. एखादीत नुसता वास असतो, एखादीत गोडवाही घातलेला असतो, आणि बाटलीवरून कळायची सोय नाही कारण आपल्याकडे दारूच्या लेबलवर पोषणाची माहिती छापायलाच एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात मनाई आहे. ब्रीझरसारखी तयार गोड बाटली तर विषयच नको.

लेबल वाचताना दोन गोष्टी. आकडा बहुतेक वेळा १०० मिलीचा असतो, तुम्ही पिता अख्खा कॅन, तेव्हा गुणाकार करा. आणि 'शुगर' बरोबर 'कार्बोहायड्रेट' ही ओळपण बघा. 'शुगर फ्री' लिहायचं तर १०० मिलीत जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, तेवढं ठीक आहे. पण 'नो अॅडेड शुगर' ही वेगळीच भानगड, म्हणजे वरून घातली नाही एवढंच, फळाची स्वतःची आहेच की. संत्र्याचा ज्यूस कितीही शुद्ध असला तरी १०० मिलीला १० ग्रॅमच्या आसपास जातोच. साधा कोला, जिंजर एल, लेमनवाली कोल्ड्रिंक्स सगळी त्याच गल्लीतली. लाइम कॉर्डियलच्या बाटलीवर लिंबाचं चित्र असतं, आत मुख्यतः साखरेचा पाक. शहाळ्याचं पाणी त्या मानाने बरं, पण एका शहाळ्यात १० ग्रॅमच्या आसपास साखर जमतेच.

मग उरतं काय? साधा सोडा, जो सगळ्यात स्वस्त आणि खरंच शून्य. डाएट किंवा झिरो कोला, शून्य. डाएट टॉनिक मिळालं तर उत्तम, फक्त नुसतं 'लाइट' लिहिलेलं असेल तर पुन्हा मागे बघा, कारण लाइटमधे कमी साखर असते, नाही असं नाही.

नुसता सोडा मात्र दोन पेगनंतर दवाखान्यासारखा लागतो हे मान्य, म्हणून खरी मजा घरी आहे. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कोकमाचं आगळ. अमृत कोकम नाही हां, ते साखरेचं सरबत, दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं आणि रंग तोच, घाईत चुकीची बाटली उचलली जाते. आगळ म्हणजे नुसता कोकमाचा रस आणि मीठ. ग्लासात बर्फ, त्यावर पेग, एक ते दीड चमचा आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून २०० मिली सोडा. एक हिरवी मिरची उभी चिरून टाकायची, ही आयडिया गोव्याची, तिकडे उन्हाळ्यात उर्राकमधे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूत, मिरची टाकतात (आणि लिम्काही, पण ती आपण तिकडेच ठेवू). वेगळं मीठ घालू नका, आगळ भयंकर खारट असतं, बीपी असेल तर अर्ध्या चमच्यावर थांबा. एवढ्याशा आगळात कार्ब अगदी किरकोळ.

दुसरं, गवती चहा. मूठभर पाती आणि चार चकत्या आलं दोन कप पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गाळून, रात्रभर फ्रीजमधे ठेवायचं. अर्धा ग्लास हे, अर्धा सोडा. आलेल्या पाहुण्याला सांगितलं नाही तर त्याला वाटतं काहीतरी महागडं मागवलंय. काकडीच्या चकत्या आणि पुदिना सोड्यात घालणं सगळ्यांना माहीतच आहे, पुदिना फक्त हातावर टाळी मारून टाकायचा, खलून नाही, नाहीतर कडू होतो.

लिंबू चालतं. अख्ख्या लिंबाच्या रसात दोनएक ग्रॅम कार्ब येतात, म्हणजे शून्य नाही पण त्यावर कोणी मरत नाही. मीठ आधी लिंबाच्या रसात विरघळवा आणि मग ग्लास तिरका धरून सोडा ओता, उलटं केलंत तर अर्धा सोडा टेबलावर. गोड पाहिजेच असेल तर स्टीव्हियाचे दोन थेंब. पुड्यांमधे बऱ्याचदा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन भरलेलं असतं, एका पुडीत ग्रॅमभर कार्ब धरा.

बारमधे 'फ्रेश लाइम सोडा' एवढंच म्हणू नका. वेटर विचारतो स्वीट, सॉल्ट की मिक्स, तेव्हा 'सॉल्ट, सिरप अजिबात नको' असं स्पष्ट सांगा आणि जमलं तर सोड्याची सीलबंद बाटली आणि कापलेलं लिंबू वेगळं मागवा. मोजाच्या हिशोबालाही ते बरं पडतं. बाकी महाराष्ट्रात व्होडकासाठी वय २५ पूर्ण आणि परमिट लागतं, हे कोणी विचारत नसलं तरी कायद्यात आहे.

आता जरा सिरियस. बिनसाखरेचा मिक्सर पोटातून लवकर पुढे सरकतो, साखरेचा जरा रेंगाळतो, त्यामुळे तीच ६० मिली डाएट मिक्सरबरोबर लवकर आणि जास्त चढते. मला हे माहीत नव्हतं आणि पहिल्या शनिवारी तिसऱ्या पेगला मी मेव्हण्याला सल्ले द्यायला लागलो होतो. नेहमीपेक्षा एक कमी धरा.

आणि ज्यांना डायबेटीसची औषधं चालू आहेत, खास करून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी, त्यांच्यासाठी इथे उलटाच धोका आहे. लिव्हर अल्कोहोल निपटवण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं त्याचं काम मागे पडतं, आणि रात्री झोपेत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा शुगर धाडकन खाली येऊ शकते. घाम, थरथर, बडबड, सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं, त्यामुळे बरोबरच्यांना कळत नाही. डॉक्टरांना आधी विचारा, टेबलावर एकाला तरी सांगून ठेवा, आणि उपाशीपोटी बिनकार्बचा पेग हा प्रयोग करूच नका. नीट जेवा.

चकन्याचं म्हणाल तर बेसन लावलेले मसाला शेंगदाणे आणि फरसाण यातून वाचवलेली सगळी साखर परत पोटात जाते. उकडलेली अंडी, पनीर, काकडी, कांदा-टोमॅटो घातलेले साधे खारे दाणे घ्या. दाणे वाटीभरच, पिशवी शेजारी घेऊन बसायचं नाही, आमच्याकडे ती आता बायकोच्या बाजूला असते.