एका घरात तीन मांजरे: कोणाच्या ताटलीत किती?

घरात एकच मांजर असेल, तर ताटली रिकामी झाली म्हणजे ते जेवले, असा हिशेब चालतो. दुसरे मांजर आले की हा हिशेब मोडतो. आमच्या दादरच्या दोन खोल्यांच्या घरात तीन मांजरे आहेत, आणि बरीच वर्षे स्वयंपाकघराच्या दाराशी कोरड्या खाद्याची एकच मोठी ताटली दिवसभर भरलेली असे. ती रोज रिकामी होई, त्यामुळे सगळ्यांचे पोट भरते आहे अशी आमची खात्री होती. प्रत्यक्षात सहा वर्षांचा बंड्या ६.२ किलोंवर गेला होता आणि बारा वर्षांची मनी वर्षभरात ३.६ किलोंवरून ३ किलोंवर आली होती. तिच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचा विकार निघाला. ती जेवत नव्हती हे आम्हांला कळले नाही, कारण तिच्या वाटचे बंड्या संपवत होता. तेव्हापासून घरात एकच नियम आहे: खाद्य घराला द्यायचे नाही, प्रत्येक मांजराला द्यायचे.

सुरुवात वजनापासून करावी. माणसांच्या काट्यावर मांजराला कडेवर घेऊन उभे राहण्याची पद्धत सोपी असली, तरी त्या काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तीन किलोंच्या मांजरासाठी तो फार मोठा आहे. त्यापेक्षा मांजराला पिंजऱ्यात किंवा झाकणाच्या टोपलीत बसवून, प्रवासाच्या बॅगा तोलण्याच्या टांगत्या डिजिटल काट्याला ती अडकवावी आणि रिकाम्या टोपलीचे वजन वजा करावे. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो सकाळच्या जेवणाआधी, प्रत्येकाचे वजन करून ते दिनदर्शिकेवर लिहावे. वजनाच्या जोडीला हात लावून पाहणेही आवश्यक आहे. सुदृढ मांजराच्या बरगड्या दाब न देता बोटांना लागतात आणि वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसते. बरगड्या शोधाव्या लागत असतील, तर मांजर जाड झाले आहे. पाठीचा कणा आणि खुब्याची हाडे टोचत असतील, तर ते खंगले आहे. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र बारीक मांजरालाही असते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

कोणाला किती द्यावे, याचे गणित साध्या कॅल्क्युलेटरवर करता येते. मांजराचे योग्य वजन किलोत घ्यावे, त्याचा घन करावा, आलेल्या संख्येचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. ही विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला दिवसभरात लागणारी ऊर्जा किलोकॅलरीत येते. ५ किलोंचा घन १२५, त्याचे वर्गमूळ ११.१८, पुन्हा वर्गमूळ ३.३४, म्हणून ऊर्जा सुमारे २३४ किलोकॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ मांजराला साधारणपणे याच्या एक ते सव्वा पट पुरते. वजन उतरवायचे असेल, तर योग्य वजनावरून काढलेल्या आकड्याच्या ०.८ पट, म्हणजे ५ किलो योग्य वजन असलेल्या बंड्यासाठी सुमारे १८७ किलोकॅलरी. खाद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी लिहिले असेल, तर त्याच्या वाट्याला दिवसाला ४९ ग्रॅम येतात. हे ग्रॅम स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावरच मोजावेत. वाटीच्या मापात आठ-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि ४९ ग्रॅमांत तो फरक मोठा असतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत. महिनाभराने काटा काय सांगतो ते पाहून पशुवैद्यांच्या सल्ल्याने माप बदलावे. वाढत्या पिल्लाला हे गणित लावू नये. त्याला वर्षभर पिल्लांसाठीचे खाद्य आणि भरपूर खाद्य लागते.

खरी कसोटी वाटणीत आहे. मांजर हा एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारा प्राणी आहे. उंदराएवढे छोटे घास दिवसातून अनेकदा खाणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि तीन ताटल्या शेजारी शेजारी मांडणे आपल्याला पंगतीसारखे वाटले, तरी मांजरांना ते अवघड जाते. धीट मांजर भराभर खाऊन शेजारच्या ताटलीकडे वळते आणि भित्रे मांजर भांडण न करता बाजूला होते, म्हणून घरातल्यांना काहीच दिसत नाही. ताटल्या एकमेकींना दिसणार नाहीत अशा ठेवाव्यात. मुंबईच्या घरात जागा नसते, पण उंची असते. आमच्याकडे चपळ चिमी फ्रिजवर जेवते, कारण बंड्याला आता तिथे उडी मारता येत नाही. मनी आतल्या खोलीत दार लावून जेवते आणि बंड्या ओट्याखाली. पिल्लू लहान असेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्याला फक्त तेच जाईल एवढे भोक पाडून ताटली आत ठेवावी. मांजराच्या कातडीखालील मायक्रोचिप ओळखून झाकण उघडणारी भांडीही मिळतात. ती महाग आहेत, परंतु एका मांजराला औषधी आहार चालू असेल आणि माणसे दिवसभर कामावर असतील, तर त्यांच्याइतका भरवशाचा उपाय मला दुसरा दिसत नाही.

दिवसभर भरलेल्या ताटलीवरून ठरलेल्या जेवणांवर येताना दोन आठवडे घ्यावेत. दिवसाचे माप चार जेवणांत विभागावे, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे ताटली ठेवावी आणि उरलेले उचलून कोणी किती टाकले ते पाहावे. नवे खाद्य आणायचे असल्यास जुन्यात थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदलावे. जाड मांजराला उपाशी ठेवणे मात्र धोक्याचे आहे. त्याने दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर अंगातील चरबी यकृतात साचून जीवघेणा आजार होऊ शकतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट योग्य. बंड्यासाठी ती तीस ते साठ ग्रॅम होती.

घरातल्या माणसांशी आधी बोलून घ्यावे. कोळीण दारात आली की टोपलीभोवती मांजरे जमतात आणि आईला मांदेलीची मुंडकी टाकल्यावाचून राहवत नाही. प्रेमाने दिलेल्या त्या तुकड्याचा हिशेब धरावा: वरचे खाणे दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. मासा उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्यावा. काही कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. जून-जुलैत मासेमारी बंद असताना येणारी सुकी मासळी बऱ्याचदा खारवलेली असते, ती टाळावी. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषारी आहेत, तेव्हा कालवणातला तुकडा धुऊनही देऊ नये. बऱ्याच प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. केवळ मासे-भातावर तर मांजर ठेवूच नये. टॉरिन हे द्रव्य आहारातून पुरेसे मिळाले नाही, तर मांजराचे डोळे आणि हृदय निकामी होतात.

पावसाळ्यात कोरडे खाद्य दमट होऊन त्याला बुरशी लागते. मोठी पोती न आणता महिन्याभराचे पाकीट आणावे आणि ते हवाबंद डब्यात ठेवावे. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवणे पुरते. ओले खाद्य मे महिन्यात तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. त्यात तीन-चतुर्थांशांहून अधिक पाणी असल्याने कमी ऊर्जेत पोट भरते, म्हणून बंड्याची दोन जेवणे आम्ही ओली केली.

प्रयत्न न करता वजन घटणे, भूक वाढूनही मांजर खंगणे, पाणी आणि लघवी वाढणे यांपैकी काहीही दिसल्यास आहारात फेरफार करत बसू नये. विशेषतः दहा वर्षांपुढील मांजरात यामागे मूत्रपिंड, थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. अशा वेळी परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात असो वा जवळच्या दवाखान्यात, वजनांची नोंद सोबत न्यावी. कोणत्या पंधरवड्यापासून घट सुरू झाली, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच दिसते.