‘वन पीस’मधली पात्रं कशी वाढतात, हे कसं पाहावं

एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे लुफी हा तरुण चाचा आणि त्याच्या जहाजावरच्या सोबत्यांची जपानी चित्रकथा, जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यावर बेतलेली तोएई अ‍ॅनिमेशनची मालिका २० ऑक्टोबर १९९९ पासून सुरू आहे आणि तिचे भाग ११०० च्या पुढे गेले आहेत. एवढी लांब गोष्ट पाहताना आपल्या लक्षात काय राहतं? कोणी कोणाला हरवलं, कोणाची बाउंटी, म्हणजे डोक्यावरचं बक्षीस, किती झाली, लुफीचा नवा गिअर, म्हणजे लढण्याची नवी तऱ्हा, कोणती. पण या मालिकेने पंचवीसहून अधिक वर्षं प्रेक्षक धरून ठेवले ते यातल्या माणसांच्या जोरावर, असं मला ठामपणे वाटतं. आणि ती माणसं कशी वाढत गेली हे दिसायला हवं असेल, तर पाहण्याची एक पद्धत लावून घ्यावी लागते. एक वही लागते, आणि सगळे भाग एका दमात संपवण्याचा मोह आवरावा लागतो.

पुढे गोष्टीतले बरेच प्रसंग उघड केले आहेत. मालिका पाहून झाली नसेल तर तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिल्या दर्शनाची नोंद करा

पात्र पहिल्यांदा दिसलं की दोनच गोष्टी लिहा: त्याला काय हवंय, आणि ते कशाला घाबरतं. शक्ती, कपडे, हत्यार यांतलं काही लिहू नका.

नामी येते तेव्हा ती चोर आहे, तिला पैसे हवेत आणि समुद्री चाच्यांचा तिला संताप आहे. उसोप येतो तेव्हा रोज गावभर ‘चाचे आले!’ अशी बोंब मारतो. त्याला शूर दर्यावर्दी व्हायचंय आणि खऱ्या लढाईचं नाव काढलं की त्याचे पाय लटपटतात. झोरोला जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज व्हायचंय, कारण बालपणीच्या मैत्रिणीला, कुइनाला, त्याने तसा शब्द दिलाय. तो घाबरतो कशाला? तिथे जागा रिकामी सोडा. काही पात्रांची ही जागा भरायला शेकडो भाग जातात.

भूतकाळ कधी सांगितला, तेही लिहा

या मालिकेत जवळपास प्रत्येक मोठ्या पात्राचं बालपण दाखवलं जातं. बालपणात काय घडलं हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण ते नेमकं कोणत्या वेळी सांगितलं हे फार कमी जण पाहतात. खरी कारागिरी तिथे आहे.

नामीची कहाणी आर्लाँग पार्कच्या कथानकात लगेच येते आणि ३७ व्या भागात ती लुफीकडे मदत मागते. रॉबिनच्या बाबतीत ओदांनी कमालीचा संयम ठेवला. ती आधी शत्रू म्हणून येते, १३० व्या भागात लुफीच्या जहाजावर राहायला येते, आणि तिचं खरं दुःख आपल्याला कळतं ते एनिएस लॉबी या सरकारी बेटावर. ओहारा हे तिचं उद्ध्वस्त झालेलं बेट, तिथले अभ्यासक, आठ वर्षांच्या मुलीवर लावलेली ७ कोटी ९० लाख बेरींची (बेरी हे कथेतलं चलन) बाउंटी, आणि त्यानंतरची वीस वर्षं एका टोळीतून दुसऱ्या टोळीत पळणं. २७८ व्या भागात ती ओरडून सांगते की मला जगायचंय. म्हणजे जवळजवळ दीडशे भाग ही बाई आपल्यासोबत हसत, पुस्तकं वाचत बसली होती आणि आपण तिला ओळखतच नव्हतो.

इथे एक काम नक्की करा. २७८ वा भाग झाला की मागे जाऊन रॉबिनचे सुरुवातीचे चार-पाच प्रसंग पुन्हा पाहा, जपानी आवाजात. ती सोबत्यांना नावाने हाक मारत नाही. कप्तान, तलवारबाज असं ज्याच्या त्याच्या कामावरून बोलावते. एनिएस लॉबीनंतर ती नावं घेऊ लागते. कोणीही ते बोलून दाखवत नाही, संगीत वाजत नाही, कॅमेरा थांबत नाही. इतका बारीक बदल टिपता आला की पद्धत हाताला बसली असं समजा.

मोठ्या पात्राचा एकच धागा धरा

मोठं पात्र हजार भागांत शंभर गोष्टी करतं. त्या सगळ्या लिहायला गेलात तर वही भरेल आणि हाती काही लागणार नाही. एक धागा निवडा आणि तो जिथे जिथे ताणला जातो तेवढेच प्रसंग नोंदवा.

झोरोसाठी अभिमानाचा धागा घ्या. २४ व्या भागात बाराती या तरंगत्या उपाहारगृहाजवळ जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज मिहॉक त्याला सहज हरवतो. रक्तबंबाळ झोरो तलवार उंचावून लुफीला वचन देतो की यापुढे मी हरणार नाही. हा अभिमान स्वतःसाठी आहे. पुढे ३७७ व्या भागात, थ्रिलर बार्कवर, तो कुमा या बलाढ्य शत्रूसमोर लुफीच्या बदल्यात आपलं डोकं देऊ करतो. ज्याला सर्वश्रेष्ठ व्हायचंय तो आपलं स्वप्नच दुसऱ्यासाठी पणाला लावतो, आणि नंतर जहाजाचा आचारी सांजी याने विचारलं तर ‘काहीच झालं नाही’ एवढंच म्हणतो. तिसरा प्रसंग याहून अवघड आहे. लुफीचा भाऊ एस याचा मृत्यू झाल्याचं कळल्यावर झोरो मिहॉकसमोरच गुडघे टेकतो आणि मला शिकवा म्हणतो. ज्याला हरवायचंय त्याच्याकडेच शिष्यत्व मागतो. हे तीन प्रसंग एका पानावर आले की पहिल्या दिवशी रिकामी सोडलेली जागा आपोआप भरते. या माणसाला स्वतःच्या मरणाची भीती नाही. आपण कमी पडलो म्हणून जवळच्यांचं काही होईल, ही त्याची भीती.

उसोपचा धागा याहून गुंतागुंतीचा आहे आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो सतत पुढे सरकत नाही, मागेही घसरतो. वॉटर सेव्हनमध्ये गोइंग मेरी हे जहाज आता दुरुस्त होणार नाही असं कळतं. गावातली मैत्रीण काया हिने दिलेलं ते जहाज म्हणजे त्याचं गाव, आणि जहाज टाकून द्यायचं तर उद्या कमकुवत सोबत्यालाही टाकून द्याल, ही त्याची आतली भीती. २३६ व्या भागात तो लुफीशी लढतो, हरतो आणि क्रू सोडून जातो. मग मुखवटा चढवून ‘सोगेकिंग’ होतो, कारण स्वतःच्या चेहऱ्याने परत यायची हिंमत नाही. लुफीच्या सांगण्यावरून जागतिक सरकारचा झेंडा जाळतो तोही त्या मुखवट्याआडून. ३१२ व्या भागात मेरीला निरोप दिला जातो तेव्हाही तो मुखवट्यातच आहे.

यानंतर पटकथा सोपा रस्ता घेऊ शकली असती: सगळे एकमेकांना मिठी मारतात, विषय संपतो. पण झोरो ठामपणे सांगतो की त्याने आधी माफी मागायला हवी. क्रू सोडून जाणं ही हलक्यात घ्यायची गोष्ट नाही. उसोप शेवटी रडत, मोठ्याने माफी मागतो. त्या क्षणी तो कोणत्याही लढाईपेक्षा जास्त मोठा होतो. तरी पुढच्या बेटावर तो पुन्हा भितो, पुन्हा थापा मारतो. वहीत तेही लिहा. भित्रेपणा गेला नाही, पण भीती पोटात घेऊन उभं राहायचं तो शिकत राहिला. ड्रेस्रोजामध्ये पळून चाललेला उसोप मागे वळतो, तेव्हा या सगळ्याचा हिशेब लागतो.

लुफीबद्दल थोडक्यात. तो फारसा बदलत नाही आणि तो बदलावा अशी अपेक्षाही ठेवू नका. त्याच्याभोवतीची माणसं बदलतात. त्याच्या नोंदीत एकच मोठी घटना हवी: मरीनफोर्ड या नौदलाच्या मुख्य तळावर एसला वाचवता न येणं, आणि त्यामुळे सोबत्यांशी ठरलेल्या ‘तीन दिवसांनी भेटू’चं ‘दोन वर्षांनी भेटू’ करणं. एरवी वाट न पाहणारा मुलगा पहिल्यांदा थांबायला शिकतो.

छोट्या पात्रांसाठी रिकाम्या जागा मोजा

मोठी पात्रं पडद्यावर वाढतात, छोटी पात्रं पडद्यामागे. म्हणून त्यांच्यासाठी वहीत वेगळा कप्पा करा आणि दर भेटीला तीन प्रश्न विचारा. मागच्या वेळी हा कुठे होता? आता शरीरात, पदात, सोबत्यांत काय बदललंय? आणि मागच्या वेळी ज्याला घाबरला होता, त्याच्यासमोर आता काय करतो?

कोबीवर हे करून पाहा. पहिल्या भागात तो अल्विडा नावाच्या स्त्री चाच्याच्या जहाजावर दोन वर्षं राबणारा रडका मुलगा आहे. त्याला नौदलात जायचंय, पण स्वप्न बोलून दाखवायचीही भीती. लुफी त्याला नौदलापर्यंत पोहोचवतो आणि निघून जातो. शेकडो भागांनी, वॉटर सेव्हनमध्ये, तो नौदलातला लुफीचा आजोबा गार्प याच्यासोबत येतो, आणि लुफीला तो ओळखूच येत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर शेजारचं पोर एकदम दाढीमिशांसकट समोर यावं तसं होतं. मग मरीनफोर्डचं युद्ध. दोन्ही बाजूंची माणसं विनाकारण मरतायत हे असह्य होऊन कोबी थेट नौदलाचा अ‍ॅडमिरल अकाइनू याच्या आडवा उभा राहतो आणि आता पुरे म्हणून ओरडतो. त्याच्यात लढायची ताकद नाही, पाय थरथरतायत, तरी तो हलत नाही. शँक्स हा बडा चाचा वेळेवर पोहोचतो म्हणून तो वाचतो. पहिल्या भागातलं पान शेजारी ठेवा: अल्विडाला मनातलं बोलायला घाबरणारा मुलगा आता नौदलाच्या अ‍ॅडमिरलला ‘थांबा’ म्हणतोय.

मालिका पाहणाऱ्यांना इथे एक खास सूचना. मांगामध्ये प्रकरणाच्या पहिल्या पानावर एकेक चित्र देत छोट्या पात्रांच्या स्वतंत्र कथा चालतात. अ‍ॅनिमेने त्यांतल्या बहुतेक घेतल्याच नाहीत. कोबी आणि हेल्मेप्पोची कथा मात्र ६८ आणि ६९ व्या भागात आहे. ते भाग अनेक जण ‘मुख्य गोष्टीशी संबंध नाही’ म्हणून सोडून देतात. तसं करू नका. बापाच्या जिवावर गावाला छळणारा हेल्मेप्पो कोबीचा सोबती कसा झाला, हे तिथेच कळतं.

बॉन क्ले, म्हणजे कोणाचंही रूप घेऊ शकणारा आधीचा शत्रू, याची नोंद वेगळ्या प्रकारे करा, कारण तो तेच काम दोनदा करतो. अलाबास्तामधून निघताना तो नौदलाला चकवून लुफीच्या क्रूला वाट करून देतो. इम्पेल डाउन या तुरुंगात पुन्हा तेच: तुरुंगाधिकारी मॅगेलनचं रूप घेऊन न्यायद्वार उघडायला मागे थांबतो. कृती तीच, किंमत मात्र कितीतरी पट मोठी, कारण पहिल्या वेळी मैत्री नुकती झालेली होती आणि दुसऱ्या वेळी सुटकेचं दार त्याच्यासाठीही उघडं होतं. पात्र नवं काही करत नसेल तर किंमत पाहा.

आणि बगीमुळे पदाची फसवणूक कळते. ऑरेंज टाउनचा हा किरकोळ खलनायक तुरुंगातून सुटतो, युद्धातून निभावतो, पुढे चार सम्राटांपैकी, म्हणजे सगळ्यांत बड्या चार चाच्यांपैकी, एक होतो. बाउंटी ३ अब्ज १८ कोटी ९० लाख बेरी. बहुतेक सगळं योगायोगाने. पद वाढलं तरी ‘काय हवंय’ या रकान्यात बराच काळ काही नवं लिहावं लागत नाही. नंतर तो आपल्या जुन्या, दाबून टाकलेल्या स्वप्नाबद्दल तोंड उघडतो, तेव्हा त्या रकान्यात पहिली खरी नोंद होते.

कोण गैरहजर आहे ते पाहा

साबाओदीवर कुमा लुफीच्या क्रूला जगभर विखुरतो आणि सगळे पुन्हा एकत्र येईपर्यंत शंभराहून अधिक भाग जातात. इम्पेल डाउन आणि मरीनफोर्डवर झोरो नाही, नामी नाही, सांजी नाही. आणि नेमक्या त्याच काळात कोबी, बगी, बॉन क्ले, जिन्बे, हॅनकॉक यांना श्वास घ्यायला जागा मिळते. लांब मालिकेत छोट्या पात्राला वाढायचं असेल तर मोठ्यांना बाजूला व्हावं लागतं. याची उलट बाजू वानोमध्ये दिसते: पडद्यावर इतकी गर्दी की फ्रँकीसारख्या जुन्या सोबत्याच्या वाट्याला फार थोडं आलं. मला ते आजही खटकतं.

फिलर भाग हिशेबात धरू नका

मांगामध्ये नसलेले, मालिकेने स्वतः रचलेले भाग पाहायला मजेदार असतात. १९६ ते २०६ हे जी-एट या नौदल तळावरचे भाग तर फारच छान आहेत. पण तिथे पात्र काही शिकलं तरी पुढच्या कथेला त्याची खबर नसते. वहीत घेऊ नका. मूळ कथेतले संथ, ताणलेले भाग मात्र टाळू नका. तिथे आवाज काम करतात. मायुमी तानाका १९९९ पासून लुफीला आवाज देत आहेत. एकाच कंठातला एवढ्या वर्षांचा फरक कानांनी टिपता येतो आणि तो मांगाच्या पानावर मिळणार नाही.

जुळत नसेल तर तसंच लिहा

काही पानं शेवटपर्यंत अर्धी राहतात. नौदलातली तलवारबाज ताशिगी हिचं तसं आहे. लोगटाउनमध्ये झोरो तिला हरवतो आणि सोडून देतो, तेव्हा ‘मी बाई आहे म्हणून सोडलंस’ असा तिचा आक्षेप असतो. अलाबास्तात आपण कमी पडलो म्हणून ती रडते. पंक हॅझार्डमध्ये मोने या शत्रूवर शेवटचा वार तिचा, पण त्याआधीचा वार झोरोचा. इतकी चांगली सुरुवात असूनही तिच्या प्रश्नाला कथेने अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. अशा वेळी पात्राच्या बाजूने ओढून-ताणून अर्थ लावू नका. तारीख घाला, जागा मोकळी ठेवा आणि ती पुन्हा आली की त्याच पानावर लिहा.