गाडीवर फेरकर्ज काढून इतर देणी फेडताना

महिन्याच्या पाच तारखेला गाडीचा हप्ता, सात तारखेला वैयक्तिक कर्जाचा हप्ता आणि अठरा तारखेला क्रेडिट कार्डाची किमान रक्कम, असे ज्यांचे वेळापत्रक झाले आहे, त्यांना कधी ना कधी एक फोन येतोच. गाडी रिफायनान्स करा, सगळी देणी त्यात मिटवा आणि पुढे एकच हप्ता, तोही आजच्यापेक्षा कमी भरा, असे त्यात सुचवलेले असते. हप्ता कमी होतो हे खरे आहे. मात्र कोणते देणे गाडीच्या तारणाखाली आणायचे आणि कोणते आहे तसेच चालू ठेवायचे, हे ठरवल्याशिवाय हा व्यवहार केला तर कमी झालेल्या हप्त्यासाठीच अधिक पैसे मोजावे लागतात.

या व्यवहाराचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात नवी वित्तसंस्था गाडीचे आजचे मूल्य ठरवून त्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत कर्ज मंजूर करते, त्यातून जुने वाहनकर्ज थेट जुन्या बँकेकडे भरते आणि उरलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा करते. दुसऱ्यात गाडीचे कर्ज जिथे आहे तिथेच राहते आणि हप्ते वेळेवर भरल्याच्या भरवशावर तीच बँक त्याच गाडीवर वाढीव रक्कम, म्हणजे टॉप-अप, देते. जाहिरात पहिल्याची अधिक होत असली तरी बहुतेक कुटुंबांना दुसरा प्रकार स्वस्त पडतो, आणि तो मिळण्यासारखा आहे का, हे आपल्या बँकेत विचारायचे अनेकांच्या मनातही येत नाही.

दोन्ही प्रकारांत गाडी नजरगहाण राहते, म्हणजे ताबा आणि वापर तुमचा असला तरी आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. क्रेडिट कार्ड आणि वैयक्तिक कर्ज यांना तारण नसते. ते थकले तर पत खालावते, वसुलीचे फोन येतात, दावाही होऊ शकतो, पण दारातली गाडी त्यामुळे थेट उचलली जात नाही. तेच देणे गाडीवर घेतले की स्वस्त व्याजाच्या बदल्यात गाडी पणाला लागते. गाडी चालवूनच ज्यांचे पोट भरते त्यांनी याचा दुप्पट विचार करावा, कारण हप्ते थकले की आधी कमाईचे साधनच जाते.

पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक देण्यासमोर आजची शिल्लक मुद्दल, वार्षिक व्याजदर, उरलेले हप्ते आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क लिहावे. स्मरणावर विसंबू नये. बँकेकडून कर्जखात्याचे विवरण आणि फोरक्लोजर पत्र मागवावे. या पत्रात कर्ज पूर्ण फेडण्याची नेमकी रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि त्यानंतर दररोज किती व्याज वाढेल, हे दिलेले असते. व्यवसायेतर कारणासाठी व्यक्तीने घेतलेले कर्ज तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराचे असेल तर त्यावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. मात्र बहुतांश वैयक्तिक कर्जे आणि बरीचशी वाहनकर्जे स्थिर दराची असल्याने शुल्क लागण्याचीच शक्यता अधिक असते, आणि त्यावर वस्तू व सेवा करही लावला जातो.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशी घरे पुष्कळ आहेत. गाडीचे आजचे मूल्य ६ लाख रुपये आहे. वाहनकर्जाचे १,८०,००० रुपये ९.५ टक्के दराने बाकी असून २४ हप्ते उरले आहेत आणि हप्ता सुमारे ८,२६५ रुपयांचा आहे. वैयक्तिक कर्जाचे २,००,००० रुपये १६ टक्क्यांनी बाकी असून ३० हप्ते उरले आहेत आणि हप्ता सुमारे ८,१३२ रुपयांचा आहे. कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा ३.५ टक्के आहे.

सर्वांत आधी कार्डाकडे पाहावे. ८०,००० रुपयांवर महिन्याला २,८०० रुपये व्याज होते आणि त्यावर १८ टक्के कर धरला की ३,३०४ रुपये होतात. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ४,००० रुपये भरली तर मुद्दलातून जेमतेम ६९६ रुपये वजा होतात. शिवाय मागील बाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. हे कार्ड दोन वर्षांत संपवायचे ठरवले तर महिन्याला सुमारे ५,३१७ रुपये भरावे लागतील आणि व्याज-करापोटी जवळपास ४७,६०० रुपये जातील. तिन्ही देणी अशा रीतीने फेडल्यास एकूण व्याज सुमारे १,१०,००० रुपये होते.

या तिन्ही देण्यांसाठी, म्हणजे ४,६०,००० रुपयांसाठी, १३ टक्क्यांनी नवे कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने घेतले तर हप्ता १०,४६६ रुपयांवर येतो. फोनवर सांगितला जातो तो हाच आकडा. व्याज मात्र सुमारे १,६८,००० रुपये होते. त्यात वाहनकर्जाचे ३ टक्के आणि वैयक्तिक कर्जाचे ४ टक्के फोरक्लोजर शुल्क, नव्या कर्जाचे १ टक्का प्रक्रिया शुल्क आणि या सर्वांवरचा कर मिळून सुमारे २१,२०० रुपयांची भर पडते. म्हणजे कार्डाचे महागडे व्याज सुटूनही एकूण खर्च जवळपास ८०,००० रुपयांनी वाढला. मुदत तीन वर्षांवर आणली तर व्याज ९८,००० रुपयांपर्यंत उतरते, पण शुल्क धरता बेरीज १,१९,००० रुपयांच्या पुढे जाते आणि तोटा पूर्ण भरून निघत नाही. याचे कारण उघड आहे: ९.५ टक्क्यांचे स्वस्त कर्ज शुल्क भरून मोडले आणि तीच रक्कम १३ टक्क्यांनी पुन्हा घेतली.

वैयक्तिक कर्ज तेवढे हलवले तरी काही हाती लागत नाही. १६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आल्याने ३० महिन्यांत सुमारे ८,६०० रुपये वाचतात आणि ते मोडण्याचे शुल्क करासह ९,४४० रुपये होते.

राहिले कार्ड. वाहनकर्जाला हात न लावता केवळ ८०,००० रुपयांचा टॉप-अप १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतला तर हप्ता सुमारे ३,८०३ रुपये आणि एकूण व्याज ११,२८० रुपये होते. त्यावर प्रक्रिया शुल्काचे हजारभर रुपये धरले तरी कार्डाच्या मानाने ३५,००० रुपयांहून अधिक वाचतात. तिन्ही हप्त्यांची बेरीज होते सुमारे २०,२०० रुपये, आणि आज किमान रक्कम भरत राहून हे कुटुंब महिन्याला २०,३९७ रुपये देतच आहे. खिशातून जाणारी रक्कम तीच राहते, फक्त कार्ड दोन वर्षांत संपते. त्यामुळे माझे मत असे की, सगळे एकत्र करण्याच्या मोहात न पडता ज्या देण्याचा दर नव्या दराहून खूपच अधिक आहे तेवढेच गाडीवर घ्यावे. पगार घटला आहे आणि आजचे हप्ते खरोखरच झेपत नाहीत, अशा घराने मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्यात गैर काही नाही, परंतु त्या सवलतीची किंमत किती हजार आहे, हे आधी लिहून ठेवावे.

हिशेब जमला तरी अर्ज करण्यापूर्वी आणखी दोन ठिकाणी चौकशी करावी. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथले कर्ज वेतनातून कापून जात असल्याने दर पुष्कळदा परवडणारा असतो आणि गाडी मोकळी राहते, मात्र तिथे जामीनदार लागतात आणि आपल्या थकबाकीचा भार सहकाऱ्यांवर जातो. घरात सोने असेल तर सोनेतारण कर्जाचा दरही विचारून घ्यावा. नाते टिकवायचे असेल तर उसनवारीचा पर्याय शेवटी ठेवावा.

त्यानंतर पतअहवाल पाहावा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक आहे. गुण ३०० ते ९०० या पट्टीवर असतात. पूर्वीच फेडलेले एखादे कर्ज अहवालात चालू दिसत असेल तर अर्जाआधीच दुरुस्ती करून घ्यावी. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला आपण पैशासाठी वणवण करीत असल्यासारखे दिसते.

दर विचारताना तो घटत्या शिलकीवरचा आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारला जाणारा, हा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारावा. जुन्या गाड्यांवरच्या कर्जात फ्लॅट दर सांगण्याची पद्धत अजून गेलेली नाही. १ लाख रुपये तीन वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट दराने घेतले तर व्याज २४,००० रुपये आणि हप्ता ३,४४४ रुपये होतो, आणि हाच हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत सुमारे १४.५ टक्के दराचा असतो. ही फसगत टाळण्यासाठी मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट स्टेटमेंट) मागावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे आवश्यक आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते आणि त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक टक्का दिलेला असतो. दोन प्रस्तावांची तुलना करायची ती मुदत सारखी ठेवून, या टक्क्यावर. विवरण मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, त्यामुळे आजच सही केली नाही तर दर जाईल, या घाईला बळी पडू नये. कर्जासोबत विमा पॉलिसी जोडली जात आहे का तेही त्यातच पाहावे आणि नको असल्यास लेखी नकार द्यावा.

करारातले एक कलम विशेष लक्ष देऊन वाचावे. त्याच बँकेचे तुमचे दुसरे कोणतेही देणे बाकी असेल तर गाडीचे ना-हरकत प्रमाणपत्र रोखून धरण्याचा अधिकार बँक त्यात स्वतःकडे ठेवते. कार्ड आणि वाहनकर्ज एकाच बँकेचे असेल तर या कलमामुळे गाडीचा शेवटचा हप्ता भरूनही आरसीवरचा बोजा उतरत नाही, आणि याची जाणीव बहुधा गाडी विकायला काढल्यावरच होते.

कागदपत्रांत आरसी, चालू विमा पॉलिसी, पॅन, आधार, वेतनपावत्या किंवा प्राप्तिकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचे बँक विवरण आणि जुन्या कर्जाचे फोरक्लोजर पत्र लागते. बँकेचा मूल्यांकनकर्ता गाडी पाहून चेसिस क्रमांक पडताळतो. मूल्यांकनाच्या दिवशी गाडी धुऊन न्यावी आणि सर्व्हिसची बिले सोबत ठेवावीत. पैसे मंजूर झाल्यावर इतर देण्यांची रक्कम शक्य असल्यास परस्पर त्या त्या खात्यांवर भरायला सांगावी. स्वतःच्या बचत खात्यात आलेले ८०,००० रुपये कार्डापर्यंत पोहोचण्याआधीच दिवाळीची खरेदी किंवा शाळेची फी भागवतात, आणि मग कार्डही उरते व टॉप-अपही.

नवी वित्तसंस्था असेल तर आरसीवरची नोंद बदलणे हे वेगळे काम आहे. जुन्या बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणि तिच्या सही-शिक्क्याचा नमुना ३५ मिळवून जुना बोजा उतरवायचा आणि नमुना ३४ भरून नवा चढवायचा. आरटीओच्या दारातले एजंट यालाच एचपी उतरवणे आणि चढवणे म्हणतात. अर्ज परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर करता येतो. प्रमाणपत्रावर वैधतेची मुदत छापलेली असते, ती उलटू देऊ नये. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदलेला बोजा काढणे हे कर्जदात्याचे कर्तव्य आहे. त्याच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. विमा पॉलिसीवरही जुन्या बँकेचे नाव बदलून घ्यावे, नाहीतर अपघातानंतर दाव्याची रक्कम मिळताना अडचण येते.

जुन्या हप्त्याचा नॅच आदेश, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची दिलेली परवानगी, लेखी अर्ज देऊन रद्द करावा आणि पुढचे दोन महिने खात्यावर नजर ठेवावी, कारण बंद झालेल्या कर्जाचा आणखी एक हप्ता कापला जाण्याचे प्रकार घडतात. कार्ड शून्यावर आले की ते बंद करण्याची विनंती करावी. सर्व बाकी भरलेली असेल तर बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे, अन्यथा दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. पतइतिहासासाठी एखादे जुने कार्ड ठेवायचेच असेल तर त्याची मर्यादा एका महिन्याच्या घरखर्चाइतकी कमी करून घ्यावी.

हप्ता चुकण्याची चिन्हे दिसू लागली तर चुकण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्यावा. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, आणि शिवीगाळ किंवा धमकी तर कोणत्याच वेळी चालत नाही. तक्रार आधी बँकेकडे नोंदवावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. त्यासाठी पहिल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लागते, म्हणून शाखेत दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर पोच घ्यावी.