ज्येष्ठांची हेळसांड ओळखताना परिचारिकांनी या चुका टाळाव्यात

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाड्यांत मुलगे मुंबईला चाकरमानी आणि घरी सत्तरी ओलांडलेले आई-वडील अशीच स्थिती आहे. अशा घरी बाहेरचे माणूस म्हणून नियमित पोहोचते ती उपकेंद्राची आरोग्यसेविका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढील दर सहांपैकी सुमारे एका व्यक्तीला वर्षभरात घरादारात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ किंवा हेळसांड सोसावी लागते. तरीही बहुतेक प्रकरणे नोंदीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्याचे एक कारण आपल्या विचारपूस करण्याच्या पद्धतीत आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे नातेवाइकांसमोर विचारणे. सून किंवा पुतण्या शेजारी उभा असताना ‘आजी, सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही, आणि ज्याच्या हातून जेवायचे आहे त्याचे नाव आजी सहसा एकांतातही चटकन घेत नाहीत. म्हणून ‘तपासताना रुग्णाजवळ कोणी थांबायचे नाही’ हा नियम सर्वच रुग्णांना लावावा, म्हणजे कोणाला संशयाचा वास येत नाही. ‘तुम्हाला मारतात का?’ असे थेट विचारण्याऐवजी जेवण कोण वाढते, गोळ्या कोण देते, पेन्शन कोण काढून आणते, घरात कोणाची भीती वाटते का, अशा क्रमाने बोलणे पुढे न्यावे. ऐकू कमी येणाऱ्या रुग्णाचे उत्तर घरच्या माणसाकडून ‘समजून घेणे’ ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती होय.

पावसाळ्यात ‘शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या’ हे कारण आपल्याकडे खरेही असते, म्हणून ते ऐकताच स्वीकारणे आणि ऐकताच खोटे ठरवणे, दोन्ही चुकीचे आहे. पडताना बहुधा तळहात, मनगट, गुडघा किंवा खुबा सापडतो. दंडाच्या आतल्या बाजूला, कानावर, मानेवर किंवा दोन्ही दंडांवर सारखे वळ दिसले तर अधिक विचारले पाहिजे. उलट म्हातारपणी त्वचा पातळ होते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे किरकोळ धक्क्यानेही हाताच्या मागच्या बाजूस काळेनिळे डाग उठतात. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नये. तो अंदाज विश्वासार्ह नसतो.

मारहाण नसली म्हणजे छळ नाही, हाही गैरसमज सोडावा. गोळ्यांची पाकिटे तशीच भरलेली, चष्मा महिनोन्‌महिने फुटलेला, लघवीने ओले अंथरूण, गुंगीच्या औषधाचा जास्त डोस, यांतले काहीही हेळसांडीचे लक्षण असू शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने तक्रार केली तर ‘त्यांना काही कळत नाही’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण त्यांना तारीख आठवत नसली तरी भीती खरी असू शकते.

पैशांकडे तर आपले लक्षच जात नाही. श्रावणबाळ योजनेचे पासबुक दुसऱ्याच्या खिशात आहे किंवा आंब्याची कलमे असलेल्या जमिनीचे बक्षीसपत्र अंगठा लावून घेतले आहे, असे बोलण्यात आले तर ते आरोग्याबाहेरचे समजू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणाकडे होतो.

नोंद करताना ‘छळ झालेला दिसतो’ असे मत लिहू नये. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्यावेत, जखमेची जागा व आकार सेंटिमीटरमध्ये लिहावा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. मुलाला तिथल्या तिथे जाब विचारू नये. आपण निघून गेल्यावर त्याचा राग रुग्णावर निघतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. तातडीचा धोका असेल तर ११२, एरवी सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

प्रत्येक हेळसांडीमागे दुष्टपणाच असतो असे मानणे ही शेवटची चूक. बिछान्याला खिळलेल्या सासऱ्यांना एकटीने उलटवणारी सून थकलेली असते. तिला दर दोन तासांनी कूस बदलण्याची पद्धत हाताला धरून दाखवावी, आणि मुंबईच्या मुलाकडे फोनवर दरमहा आळीपाळीने सांभाळण्याचा विषय काढायला सांगावे. गणपतीला घरी आलेल्या भावंडांसमोर ही वाटणी मांडणे सोपे जाते, कारण तेव्हा सगळे एका छपराखाली असतात.