जळगाव ते खारदुंगला: या चुका टाळा

दर वर्षी मार्चच्या सुमारास मेहरूण तलावावर नवी मंडळी दिसायला लागते. मुंबई मॅरेथॉनचं पदक ताजं असतं आणि तिसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "भाऊ, लडाखची ७२ किलोमीटर जमेल का?" जमेल की. खारदुंगला खिंडीवरून जाणारी ही शर्यत मी तीनदा पळालोय. पण त्याच त्या चुका बघून आणि तेच ते सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

रजा वाचवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती घरूनच होते.

आपण साधारण २०० मीटरवर राहतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. शर्यत खारदुंग गावातून अंधारात सुटते, सुमारे ३२ किलोमीटर चढत ५,३०० मीटरच्या वर असलेल्या खिंडीत जाते आणि तिथून ४० किलोमीटर उतरत लेहला येते. हवेतला ऑक्सिजन तिकडेही २१ टक्केच, पण हवेचा दाब कमी. त्यामुळे लेहमध्ये एका श्वासात इथल्या दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, खिंडीत जेमतेम निम्मा. शरीर यातून वाट काढतं, पण स्वतःच्या सवडीने. आधी श्वास वाढतो, मग काही दिवसांत मूत्रपिंडं रक्ताचा बिघडलेला तोल सावरतात. तांबड्या पेशी खऱ्या अर्थाने वाढायला तर आठवडे लागतात. केळी पिकवणाऱ्या मुलखात हे समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. कार्बाइड मारलेला घड वरून पिवळा दिसतो, आतून कच्चाच असतो.

आमच्या ग्रुपमधला एक भाऊ कापसाचा जिनिंगवाला. दसऱ्याआधी जिनिंगमध्ये फारसं काम नसतं, शर्यत सप्टेंबरात, तरी हा गडी शर्यतीच्या चार दिवस आधी विमानाने लेहला उतरला. पाय त्याचे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. पहिल्या दिवशी बाजार फिरला, दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटरसायकल घेऊन थेट खिंडीत फोटो काढायला गेला. संध्याकाळी डोकं धरून बसला, ताटाला हात लावला नाही. विचारलं तर म्हणे, "मी बरा शे, भाऊ." रात्री दोनला कोरडा खोकला ऐकून मला जाग आली. पडल्या पडल्या धाप लागत होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन जेमतेम ६६ टक्के. व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवर टाचेला पंजा लावून चालायला सांगितलं, तिसऱ्या पावलाला भिंत धरली. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावल्यावर सकाळी विमानाने दिल्लीला पाठवला. शर्यतीच्या दिवशी तो जळगावात दुकानावर बसून मला फोन करत होता.

माझी सवय सांगतो. शर्यतीआधी किमान १४ दिवस लेहला. जाताना रेल्वेने दिल्ली, पुढे श्रीनगरहून रस्त्याने. कारगिल साधारण २,७०० मीटरवर आहे, तिथे मुक्काम केला की शरीर पायरीपायरीने चढतं. मनालीच्या रस्त्यावर बहुतेकदा सरचूला ४,२०० मीटरच्या वर झोपावं लागतं, म्हणून जाताना मी तो रस्ता धरत नाही. लेहला पहिले दोन दिवस खोलीत लोळायचं, तिसऱ्या दिवसापासून गावात चालायचं, पाचव्यानंतर हळू पळायचं. त्यापुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखतंय, भूक मेली, मळमळतंय, तर जिथे आहात तिथेच थांबा. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल गेला तर थांबूही नका, खाली उतरा, रात्र असली तरी. चौदा दिवस निघत नसतील तर मुंबईची शर्यत पुन्हा पळा, तीही चांगली आहे.

फक्त चढाचा सराव

ही चूक माझी स्वतःची. पहिल्या वर्षी मी दर रविवारी तोरणमाळचा सातपायरी घाट पळत चढायचो आणि खाली जीपने यायचो. काय ऐट होती! चढ म्हणजे कष्ट, उतार म्हणजे फुकटचा, असं मानत होतो. खिंडीत पोहोचलो तेव्हा पाय ताजे होते. उतारावर आठ किलोमीटरमध्ये मांड्या थरथरायला लागल्या, पंधराव्यात गुडघा वाकवला की कळ. उरलेलं अंतर म्हाताऱ्यासारखं चाललो. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठडा धरून उलटा उतरत होतो आणि खाली चहा पिणारी पोरं हसत होती.

उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात त्याची मोडतोड जास्त होते. पण एकदा तसा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तो पुन्हा तेवढा दुखत नाही. म्हणून आता मी उलटं करतो, जीपने वर जातो आणि पळत खाली येतो. आधी ५ किलोमीटर, मग वाढवत जायचं, पावलं छोटी आणि भरभर. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी. धुळेकरांना लळिंगचा किल्ला आहेच. एक मात्र ध्यानात ठेवा, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. पाय तयार होतील, फुप्फुसांना ती उंची काहीच शिकवत नाही. मे महिन्यात ४५ अंशांत पळून "आता लडाख काय चीज आहे" म्हणणाऱ्यांनाही हेच.

बाकीच्या, पटापट

कापराची पुरचुंडी हुंगून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. दर वर्षी निम्म्या ग्रुपच्या गळ्यात ती असतेच.

तोंडाला बांधायचा तो 'उंचीचा' मास्क श्वास अडवतो, हवेचा दाब कमी करत नाही. विकून टाका.

डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, हे घरीच अनुभवून बघा. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

दोन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असेल तर वर नव्या पेशी बनायच्या कशातून? लेहला पोहोचल्यावर कळून उपयोग नाही.

पळताना आयब्रुफेनसारखी दुखण्याची गोळी नको, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पाणी तहानेप्रमाणे, ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं.

वर पळताना खायचं ते गोड जेल घशाखाली उतरत नाही. मी कळण्याच्या भाकरीचे तुकडे आणि मिठाचे उकडलेले बटाटे नेतो. काय खाणार ते इथल्या लांब रविवारी खाऊन बघा.

टॉर्चच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत त्या लवकर दम तोडतात.

जिनिंगवाला पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी आला. पहिले दोन दिवस पलंगावर पडून मुनिमाला फोनवर शिव्या देत होता. मुदत संपायला वीस मिनिटं असताना लेहला पोहोचला आणि मला मिठी मारून रडला. परतीच्या वाटेवर सोनमर्गला चहाला थांबलो, तेव्हा विचारत होता, पुढच्या वर्षी बारा दिवसांत भागेल का.